दारांसकट

३ जानेवारी

वकीलसाहेबांस अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद आधी लिही आणि बातमी मग, असं अण्णांनी समोर बसून बजावलंय. पोस्टमास्तर निवृत्त होतो, पण त्याच्यातलं पोस्ट काही निवृत्त होत नाही. पत्र आलं की चार दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, हा नियम त्यांनी इथल्या म्हाताऱ्यांनाही लावायला घेतलाय. त्यातल्या निम्म्यांना पत्रंच येत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

इथे सगळं ठीक. अण्णांना वृद्धाश्रमात येऊन आता वर्ष झालं. दुसऱ्या मजल्यावर लांबच लांब व्हरांडा, त्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात दारं, आणि चौदाही दारांना एकाच डब्यातला हिरवा रंग. अण्णांची खोली अकरा. नगरपालिकेची जागा म्हणून भिंतींना पोपडे आहेत, पण मजल्यावरच्या मावशी फार चांगल्या. मी रोज चार वाजता जाते, शिवणाचं काम तेवढ्यापुरतं बंद ठेवते. अण्णा थोडे विसराळू झालेत, पण वयच आहे.

आता गंमत ऐक. पुढच्या महिन्यात तो मोठा सण. आपला नव्हे, पण इथल्या अर्ध्याअधिक लोकांचा. खालचा दिवाणखाना आत्तापासूनच सजलाय. कागदी फुलं, दिवे, मध्ये त्यांची तसबीर. आणि मावशींनी उरलेली पिवळ्या दिव्यांची माळ कुठे लावली असेल? अण्णांच्या दारावर! चौकटीला तिन्ही बाजूंनी. ज्यांनी पोस्टाच्या खिडकीवर सणाचं चित्र लावू दिलं नाही म्हणून काच फोडून घेतली, त्यांच्या दाराला सणाची माळ. मला हसावं की रडावं कळेना. अण्णा त्या दिव्यांखालून रुबाबात ये-जा करतात.

तुझ्या कोर्टाच्या दारातली गर्दी कशी आहे? खोकल्याचं औषध वेळेवर घे.

तुझी ताई


९ जानेवारी

ताईस नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुला त्यात गंमत वाटली, मला वाटली नाही.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, पण ती सकाळ मला अजून दिसते. फुटलेल्या काचांमध्ये अण्णा टेबल मांडून बसलेले आणि तिकिटं विकताहेत. बाहेर लोक ओरडत होते. अण्णा प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होते, "हे सगळ्यांचं टपाल आहे, इथे कोणाचाच सण लागणार नाही. माझासुद्धा." त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलंय, ताई. तुम्ही मला लाडाने वकील म्हणता, पण आज अर्जनवीस म्हणून कोर्टाच्या पायरीशी बसतो, लोकांच्या तक्रारी सरकारला समजतील अशा भाषेत लिहून देतो, ते त्या वाक्यामुळेच. आणि त्याच माणसाच्या दाराला, म्हातारपणी, त्याला न विचारता, परक्या सणाची माळ? उद्या गळ्यात घालतील.

ही जागा नगरपालिकेची आहे. माळ लावायची परवानगी कोणी दिली? व्यवस्थापकाने? लेखी? मला नाव आणि हुद्दा कळव. बाकीचं मी बघतो.

अण्णा रुबाबात ये-जा करतात असं तू लिहितेस. ते अपमान गिळतायत, ताई. तुला ते ओळखू येऊ नये याचं आश्चर्य वाटलं.

सोबत अण्णांसाठी वेगळी चिठ्ठी आहे. त्यांना वाचून दाखवू नकोस, त्यांचं टपाल त्यांच्या हातात दे.

तुझा भाऊ


१४ जानेवारी

वकीलसाहेबांस आशीर्वाद.

तू काहीही बघू नकोस. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायची काही गरज नाही. अण्णांची तक्रार नाही, माझी नाही, मग तुझी कुठून आली?

आणि ती सकाळ तुला दिसते तशी मलाही दिसते. फक्त मी तेव्हा सोळा वर्षांची होते, म्हणून त्यानंतरचंही दिसतं. दोन महिन्यांत बदली झाली. माझी शाळा शेवटच्या वर्षाला सुटली ती सुटलीच. आई नव्या गावात वर्षभर कोणाशी बोलली नाही. अण्णा बरोबर होते, मी कधी नाही म्हटलेलं नाही. पण त्यांच्या बरोबर असण्याचा खर्च आम्ही दोघींनी केला. तुझ्या वाट्याला नुसता अभिमान आला.

इथे आधीच वाद पेटलाय. सहा नंबरच्या आजींचा मुलगा, चौकातला चष्मेवाला, तो सणवाल्यांचा पुढारी. तो म्हणतो जिन्यालाही दिवे हवेत. समोरच्या रांगेतले काही नातेवाईक म्हणतात, मग आमच्या सणालाही तेवढेच दिवे लावा, फूटपट्टीने मोजून. व्यवस्थापक दोघांनाही चहा पाजतो आणि कपाळाला बाम लावून बसतो. त्यात तुझी भर नको.

अण्णांना मी परवा सहज विचारलं, ही माळ काढायची का? ते म्हणाले, "असू दे, दिवा असलेला बरा." बस. यापुढे हा विषय बंद.

तुझी चिठ्ठी त्यांनी तीनदा वाचली आणि उशाखाली ठेवली.

ताई


१८ जानेवारी

ताईस नमस्कार.

तुझं पत्र उशिरा मिळालं. म्हणजे पत्र वेळेवरच आलं, पण माझं काम त्याआधी झालं होतं.

अर्ज बाराच तारखेला नगरपालिकेकडे गेला, प्रत व्यवस्थापकाला. अण्णांच्या नावाने गेलाय. त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कामासाठी मी त्यांच्या सहीचे कोरे कागद घेऊन ठेवले होते ना, तीन उरले होते, त्यातला एक वापरला. रागावू नकोस. मजकूर माझा असला तरी विचार त्यांचाच आहे, शब्दन्‌शब्द. पूर्वीचे अण्णा असते तर त्यांनी हेच लिहिलं असतं.

आणि ताई, अर्ज खरंच छान उतरलाय. मी कोणाच्याही सणाविरुद्ध एक अक्षर लिहिलेलं नाही. माझ्या धर्माचंही काही लावू नका, असं अण्णांच्या तोंडून आधी वदवलं, म्हणजे समोरच्याला बोलायला जागाच नाही. आणि पळवाट नको म्हणून शेवटी स्पष्ट लिहिलं, 'सदर इमारतीतील दिवाणखाना, जिने, व्हरांडे व भिंती, दारांसकट, कोणत्याही धर्माच्या सजावटीपासून कायम मुक्त असाव्यात.' दारांसकट हा शब्द मी मुद्दाम घातला. नाहीतर दार हे खासगी की सार्वजनिक यावर त्यांनी वर्ष काढलं असतं.

अण्णा 'असू दे' म्हणाले असं तू लिहितेस. ते भिऊन म्हणतायत. ज्यांच्या हातचं जेवायचं त्यांच्याशी भांडायचं कसं, हा विचार असेल. म्हणूनच त्यांच्या वतीने कोणीतरी बोलायला हवं होतं.

तुझा भाऊ


२७ जानेवारी

बाबा रे,

आज आशीर्वाद लिहीत नाही. अण्णा समोर नाहीत, म्हणून चालून जाईल.

काल बैठक झाली. चाळीसेक लोक, दिवाणखान्यात, त्याच कागदी फुलांखाली. एका बाजूला चष्मेवाला आणि त्याची माणसं, दुसऱ्या बाजूला फूटपट्टीवाले. दोघेही आवाज चढवत होते. मग व्यवस्थापक उठला आणि तुझा अर्ज वाचायला लागला. सुंठेवाचून खोकला जाणार म्हणून त्याचा चेहरा इतका खुलला होता की काय सांगू. दोन्ही बाजूंना नाही म्हणायचं, आणि तेही एका आदरणीय वृद्ध रहिवाशाच्या शब्दांत.

अण्णा पहिल्या रांगेत बसले होते, हात मांडीवर ठेवून. सगळा अर्ज त्यांनी लक्ष देऊन ऐकला. संपल्यावर विचारलं, "कोणी लिहिलाय हो हा? फार मुद्देसूद आहे."

व्यवस्थापक म्हणाला, "अण्णा, तुम्हीच लिहिलाय."

अण्णा म्हणाले, "मग बरोबरच असणार."

काही जण हसले, त्यांना तो विनोद वाटला. चष्मेवाला मात्र उठून अण्णांसमोर आला. आमच्या दिव्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं, म्हणाला, आणि आईला व्हीलचेअरवर बसवून निघून गेला. अण्णा मला विचारत होते, तो कोण होता, त्याचं काही हरवलंय का.

आता मी जे तुझ्यापासून लपवलं ते लिहिते. अण्णा थोडे विसराळू झालेले नाहीत. त्यांना वाचता येतं, लिहिता येतं, मागचं सगळं आठवतं, पण आपली खोली कुठली हे कळत नाही. वर्षभर असंच आहे. माझ्याकडे असताना ते दोनदा रस्ता चुकले, एकदा गॅस उघडा ठेवून गेले. म्हणून मी त्यांना इथे आणलं. तू म्हणाला असतास, ताईने वडिलांना टाकलं. म्हणून तुला लिहिलं की वाचनालय जवळ आहे, त्यांनाच यायचं होतं.

इथे नियम असा आहे की ज्याला स्वतःची खोली सापडत नाही, त्याची रवानगी तळमजल्यावर. तिथल्या दारांना कडी बाहेरून असते. मी एकदा आत जाऊन आले. कोणी कोणाशी बोलत नाही, खिडक्या वर, छताजवळ. दोनदा अण्णा भलत्याच खोलीत जाऊन झोपले तेव्हा मावशींनी ते वर कळवलं नाही. कोऱ्या हिरव्या दारांवर त्यांनीच उपाय काढला. सण तोंडावर होता, माळा सगळीकडे लागत होत्या, एक अण्णांच्या दाराला लावली तर कोण विचारणार? आणि त्या दिवसापासून अण्णा एकदाही चुकले नाहीत. व्हरांड्याच्या टोकाशी उभे राहायचे, पिवळं दिसलं की चालायला लागायचे. मी त्यांना तसं चालताना पाहिलं की घरी जाऊन मला झोप लागायची.

हे मी व्यवस्थापकाला सांगू शकत नाही. सांगितलं तर तळमजला. अर्ज खोटा आहे हेही सांगू शकत नाही. सांगितलं तर तुझा परवाना जाईल, आणखी काय होईल ते तुलाच ठाऊक. काल मी तोंड उघडून मिटलं ते तुझ्यासाठी. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

एक तारखेला सगळं उतरवणार आहेत. तू एक ओळ लिही. अण्णांच्या नावाने लिही, तुझ्याकडे दोन कागद अजून आहेत. लिही की अर्ज मागे घेतो. तुला शब्दांची काय कमी? हे पत्र हातात पडेल त्या दिवशीच लिही.

ताई


१ फेब्रुवारी

ताईस नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. रात्रभर विचार केला.

पहिली गोष्ट, तू हे वर्षभर लपवलंस. मला कळलं असतं तर मी एक शब्द लिहिला नसता. त्या पत्रात तू 'गंमत ऐक' असं लिहिलं होतंस. मी त्या गमतीवर विसंबून वागलो.

दुसरी गोष्ट, अर्ज मागे घेण्याबद्दल. दोनदा लिहायला बसलो. पण अण्णांच्याच सहीने बैठकीनंतर आठवड्याच्या आत उलटा अर्ज गेला तर चौकशी होईल, त्यांना बोलावतील, विचारतील की लिहिलं कोणी. मग अण्णा काय उत्तर देतील ते तूच कळवलं आहेस. त्यांचा विसर उघडा पडेल आणि माझी लबाडीही. दोघेही जाऊ. आणि खरं सांगू? अर्जातलं एक वाक्यही मला चुकीचं वाटत नाही. एका दाराला सूट दिली की तो नियम राहत नाही.

पण दिवा म्हणजे सणच असं कुठे आहे? त्यांना रंग हवाय. दार पिवळं रंगवून घे. त्यात कोणाचा धर्म नाही. तसा साधा विनंतीअर्ज मी सोबत लिहून पाठवतोय, तुझ्या नावाने, खाली सही तेवढी कर. कारण म्हणून 'वडिलांची दृष्टी अधू झाल्याने' असं घातलंय, विसराचा उल्लेख नाही. तोवर मावशींना त्यांच्याबरोबर राहायला सांग.

या महिन्यात कोर्टाच्या तारखा फार आहेत. मार्चमध्ये नक्की येतो, अण्णांसाठी चार दिवस काढून येतो.

तुझा भाऊ


६ फेब्रुवारी

काल दुपारी अण्णा आश्रमातून बाहेर गेले. तीन तास अवकाळी पावसात होते. संध्याकाळी सात वाजता सापडले. आता सरकारी रुग्णालयात आहेत, ताप उतरत नाही, श्वास लागलाय. अधूनमधून डोळे उघडतात आणि मला विचारतात, अकरा नंबर कुठला.

तुझा पिवळ्या रंगाचा अर्ज मिळायच्या आधीच मी तेच विचारून आले होते. व्यवस्थापक म्हणाला, बाई, पिवळा हा त्यांच्या सणाचा रंग, समोरचे लोक मला फाडून खातील. मग निळा द्या म्हटलं. तो म्हणाला, निळा समोरच्यांचा.

मार्चची वाट बघू नकोस. मिळेल त्या गाडीने ये.

ताई


२८ फेब्रुवारी

ताई,

परत येऊन पंधरा दिवस झाले. रोज पत्र लिहायला घेतो आणि कागद फाडतो. लोकांचे अर्ज मात्र लिहितोय. हात आपोआप चालतो.

तुझी तार मिळाली तेव्हा मी गाडीत बसायच्या तयारीत होतो. पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं. त्या दोन दिवसांत तू माझ्याशी जेवलास का आणि झोपलास का याखेरीज काही बोलली नाहीस. मीही विचारलं नाही. भीती वाटली, हे कबूल करतो. उत्तर मला अर्धंमुर्धं ठाऊक होतं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. स्मशानात तो चष्मेवाला आला होता. सगळ्यांच्या मागे उभा राहून तो लहान मुलासारखा रडत होता. मी जवळ गेलो तर त्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, मला माहीत नव्हतं हो. मी विचारलं काय माहीत नव्हतं, तर तो तुझ्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. त्याला काय माहीत नव्हतं, ताई? ते तीन तास अण्णा कुठे होते? आता लिही. काहीही वगळू नकोस.

अण्णांच्या सहीचे दोन कोरे कागद अजून माझ्या खणात आहेत. ते फाडवतही नाहीत आणि ठेववतही नाहीत. त्यांची सही किती सरळ होती, तू पाहिली आहेस का कधी नीट?

तुझा भाऊ


६ मार्च

बाबा रे, आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहिते. मावशींनी, पहारेकऱ्याने आणि चष्मेवाल्याने सांगितलेलं एकत्र केलंय.

एक तारखेला माळा उतरल्या. चार दिवस मावशींनी अण्णांना डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. पाच तारखेला साडेतीनच्या सुमारास अण्णा कोट घालून खाली आले. त्यांना पत्र टाकायचं होतं. फाटकाजवळच्या पेटीपर्यंत गेले, पण पत्र टाकायचं विसरून परत वर आले. आता व्हरांड्यात चौदा हिरवी दारं. त्यांनी एकेक दार उघडून पाहिलं. कोणी ओरडलं, कोणी शिवी दिली, एकाने काठी उगारली. मावशी तेव्हा एका आजींना आंघोळ घालत होत्या. अण्णा पुन्हा खाली उतरले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, मी चुकीच्या इमारतीत आलोय, माफ करा. आणि बाहेर पडले.

मी चारला पोहोचायला हवी होते. त्या दिवशी साडेचारला पोहोचले. परवानगी गेली खड्ड्यात म्हणून मी पिवळ्या रंगाचा छोटा डबा आणि ब्रश घ्यायला गेले होते. दुकानात आधीच्या गिऱ्हाईकाचा रंग कालवायला वेळ लागत होता. मी उभी राहिले. डबा अजून तसाच आहे, झाकणही उघडलेलं नाही.

अण्णा दिवे शोधत चौकापर्यंत गेले. चष्मेवाल्याने बैठकीनंतर ईर्ष्येने आपल्या दुकानाला दुप्पट माळा लावल्या होत्या, दाराच्या चौकटीला तिन्ही बाजूंनी. सगळ्या पिवळ्या. अण्णा सरळ आत शिरायला लागले. चष्मेवाल्याने त्यांना ओळखलं. तो म्हणाला, "आता इथे कशाला आलात? तुम्हाला तर दिवे चालत नाहीत."

अण्णा म्हणाले, "ही माझी खोली आहे."

त्याला वाटलं, म्हातारा खिजवायला आलाय. आश्रमातले दिवे काढून पोट भरलं नाही, आता दुकानावर हक्क सांगतोय. त्याने दार लावून घेतलं. अण्णा पायरीवर बसले. पाऊस सुरू झाला. तो काचेतून बघत होता. म्हणाला, मला वाटलं हट्ट करतायत, थकले की जातील. अर्ज लिहिणारा माणूस, एवढा मुद्देसूद, तो वेडा कसा असेल? सातला दुकान बंद करायला बाहेर आला, तेव्हा अण्णा कुडकुडत त्यालाच विचारत होते, किल्ली तुमच्याकडे आहे का. मग मात्र त्यानेच त्यांना उचलून रुग्णालयात नेलं, रोज रात्री बाहेरच्या बाकावर बसून राहिला. तो वाईट माणूस नाही. त्याने तुझा अर्ज ऐकला होता आणि त्यावर विश्वास ठेवला होता, एवढंच.

आता दोन गोष्टी. पहिली, व्यवस्थापकाने अण्णांचा अर्ज चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलाय, जिथे तसबीर होती तिथेच. खाली अण्णांची सही. 'आदर्श रहिवासी' अशी पट्टी चिकटवलीय. सगळ्या इमारतीत तेवढीच एक सजावट उरलीय. मी राहिलेल्या वस्तू आणायला गेले तेव्हा लोक मला थांबवून सांगत होते, तुमचे वडील मोठे तत्त्वाचे. मावशींना कामावरून काढलं, लक्ष ठेवलं नाही म्हणून. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर माळ का लावली तेही सांगावं लागलं असतं, आणि अण्णांचं नाव खराब झालं असतं असं त्यांना वाटलं.

दुसरी गोष्ट सोबत आहे. कोटाच्या खिशात सापडली. तू आला होतास तेव्हा दिली नाही, कारण मला तुझा राग होता आणि ते वाचून तू मोडला असतास तर मला आवडलं असतं, याची भीती वाटली. आता राग उरला नाही. 'गंमत ऐक' असं मीच लिहिलं होतं. ते तू म्हणालास ते बरोबर होतं.

शाई पसरलीय, पण वाचता येतं. तारीख बरोबर आहे, साल तेवढं काचा फुटल्या तेव्हाचं घातलंय.

तुझी ताई

(सोबतचा कागद)

चि. वकील यास आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. उत्तरास उशीर झाला, पत्ता शोधत होतो. येथे सर्व ठीक आहे. जेवण वेळेवर मिळते. माझ्या दाराला एक दिव्यांची माळ होती, ती कोणीतरी काढून नेली आहे. कोणी ते कळत नाही. तक्रार नाही, परंतु त्यामुळे गैरसोय होते. तू अर्ज चांगले लिहितोस असे ताई सांगते. तरी येथील साहेबांना मुद्देसूद लिहून ती परत लावण्याची विनंती कर. माझी सही लागल्यास तुझ्याकडे कागद आहेत.

येथे सर्व ठीक आहे. जेवण वेळेवर मिळते.

तुझे वडील


१० मार्च

ताईस नमस्कार.

काल तुझं पत्र आलं. आज हे उत्तर. नवा अर्ज लिहून नगरपालिकेला आणि व्यवस्थापकाला पाठवला, प्रत तुला. सहीचे दोन कोरे कागद त्यालाच पुरावा म्हणून जोडलेत. परवान्याचं काय व्हायचं ते होईल. मावशींचा पत्ता कळव.

(प्रत)

विषय : दिवाणखान्यात लावलेला अर्ज काढून टाकणेबाबत व इतर.

महोदय,

१२ जानेवारी रोजी आपणांस पाठवलेला, सध्या आपल्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेला अर्ज माझ्या वडिलांनी लिहिलेला नाही. सही त्यांची आहे, मजकूर माझा आहे. त्यांच्या सहीचा कोरा कागद मी त्यांना न विचारता वापरला. अर्ज करणारा जिवंत आहे. जे वारले ते अर्जदार नव्हते. तरी ती चौकट उतरवावी.

दुसऱ्या मजल्यावरील मावशींनी खोली क्रमांक अकराला लावलेली माळ सणासाठी नव्हती. माझ्या वडिलांना आपली खोली सापडत नव्हती. हे मावशींना कळले होते, मला कळले नव्हते. त्यांना कामावर परत घ्यावे.

आपल्या इमारतीत ज्या कोणाला आपले दार ओळखू येत नसेल, त्याच्या दाराला त्याला ओळखू येईल अशी खूण लावण्यास परवानगी असावी, मग ती कोणत्याही रंगाची आणि कोणाच्याही सणाची असो. माझ्या आधीच्या अर्जातील 'दारांसकट' हा शब्द मी मागे घेत आहे. खोली क्रमांक अकराला माळ परत लावावी. तिथे आता कोण राहते हे मला माहीत नाही, त्यांना हवी आहे का ते विचारून लावावी.

माझे वडील टपालखात्यात होते. पत्र आले की चार दिवसांत उत्तर द्यायचे, असा त्यांचा नियम होता. त्यांचे मला आलेले शेवटचे पत्र काल मिळाले. हा अर्ज त्याचे उत्तर आहे.

कळावे.